टाचा, पाठ, डोकं

"खांदे मागं घे! भुईवर काय सोनं सांडलंय का गं?"

योगाच्या बाई मैदानावर ओरडल्या की पूर्णा जंक्शनात थांबलेली गाडी घाबरून सुटते, हे मी डोळ्यानं पाहिलंय. हा ओरडा नववीतल्या, उंचीला लाजून वाकलेल्या पोरीसाठी होता. महिन्यात ती ताठ झाली, तशी तिची आई भांडायला आली.

"बाई, बंद करा हे. पोरगी लय उंच दिसायली. उद्या जोडीचा नवरा कुठून आणू?"

बाई वाद घालत नाहीत; तहसीलदार आला तरी आधी भिंतीला टेकवतात. टाचा, पाठ, डोकं. ठेंगण्या नवऱ्याशेजारी वीस वर्षं वाकून चाललेली ती माउली तिथंच वीतभर वाढली. भिंतीवरचा कावळा दचकून उडाला.

मी विचारलं, "मग, पोरीचं बंद?"

"न्हाई. उद्यापासून दोघी येतो."