भोपळ्यांच्या रांगेतली मुलगी

टेंभुर्णीच्या स्टँडवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली, ती काही आटपेचना. कंडक्टरने दोनदा बेल दिली, मग बिचारा तोही हात जोडून उभा राहिला. आई मात्र बस हलायच्या बेताला खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "देवाचं माणूस पळून चाललं." पार आयर्लंडला पोचेपर्यंत माझ्या कानात तेवढंच होतं.

गावाकडच्या मंडळीला सगळं ठाऊक आहे, पण इथल्या मैत्रिणींसाठी सांगते. मी सातव्या महिन्यात जन्मले. जगली तर प्रभूला देईन, असं आई बोलून बसली. त्याचा अर्थही तिनेच ठरवला: मुलगी नर्स होईल आणि आपल्याच मिशनच्या दवाखान्यात सेवा करील. आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लोक पहिलं पीक देवापुढे ठेवतात. मक्याची कणसं, मोसंबी, एखादी कोंबडी. आई भोपळ्यांच्या रांगेत मला उभी करायची! उपासनेनंतर त्या सगळ्याचा लिलाव होतो. माझी पाळी आली की सगळे हसायचे आणि आई बोली लावून मला घरी घेऊन यायची. एकदा शाळेतल्या बाईंनी गमतीने वरची बोली लावली, तर आई नाताळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

नर्स तर झाले, पण आयर्लंडमध्ये. इथे वॉर्डात मी खूश होते, आणि तेच मला खुपायचं. एखाद्या आजोबांचे पाय धुताना वाटायचं, हीच तर सेवा. लगेच मन म्हणायचं, देवाशी बेइमानी केलीस. सहा वर्षं लीव्ह मिळूनही घरी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

गेल्या रविवारी गावात कापणीचा सण झाला आणि ब्रेकमध्ये आईचा फोन आला. आवाज रडवेला, तरी इतका मोकळा की ओळखू येईना.

"तुला देवाला दिलं म्हणत राह्यले, आन दरसाली परत घरी आणत राह्यले," ती म्हणाली. "दवाखान्याचं माझं मीच ठरवलं व्हतं, तू डोळ्यापुढं ऱ्हावी म्हणून. चुकलं माझं. आज प्रार्थनेत तुला बराबर सोडलं. आता तू प्रभूची, मंग कुठंबी ऱ्हा."

स्टाफरूममध्ये मी हमसून रडले आणि मग हसत सुटले. फिलिपिनो मैत्रिणीला वाटलं, लॉटरीच लागली. देवाला दिलं की माणूस मोकळा होतो, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगायचे, आणि मला वाटायचं, कसला मोकळा, जन्माचा बांधला जातो. तिकडे आईने हात सोडला आणि दोघीही सुटलो!

त्याच दिवशी नाताळचं तिकीट काढलं, जायचं आणि यायचं, दोन्ही. परतीची तारीख सांगताना माझी जीभ अडखळली नाही. आई म्हणाली, "बरं. तवर पोटभर बोलून घेऊ." सहा वर्षं मी ज्या दाराला घाबरत होते, तिथून निघताना आता मला कुणी अडवणार नाही. म्हणूनच तिथे कधी एकदा पोचते असं झालंय.