गुरुजींचा रिसीव्हर

वायरमनकडे किस्से आपोआप साठत जातात. आम्ही लोकांच्या थेट स्वयंपाकघरात शिरतो, माळ्यावर चढतो, आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला कान असतात हे घरातल्यांच्या लक्षातच राहत नाही! नसरापूरला माझं छोटंसं दुकान आहे. वीस-बावीस वर्षांत भोर-वेल्ह्यातली किती घरं पायाखालून गेली असतील, देव जाणे. पण सगळ्यात जास्त किस्से जमले ते एकाच घरात, मार्गासनीला, कांबळे गुरुजींकडे. त्यातला निम्मा वेडेपणा माझाच आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

गुरुजींनी आम्हाला पहिलीपासून चौथीपर्यंत शिकवलं. आज मला बिल लिहिता येतं, चारचौघांत उभं राहून बोलता येतं, ते त्यांच्यामुळे. आता ते ऐंशीच्या घरात आहेत आणि कान गेलेत. यंत्र लावून बघितलं, तर म्हणाले, "यात भांडी ऐकू येतात, माणसं नाही." मग टीव्ही एवढा मोठा लावायचे की रस्त्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांनाही बातम्या कळायच्या. पुढे त्यांनी टीव्ही बंद केला आणि हळूहळू माणसांत बसणंही.

एकदा त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या माई, दुकानात आल्या. म्हणाल्या, "सुनील, हे आता माझ्याशी बी बोलंनात रे. सारखं 'काय म्हणालीस' इचारायची लाज वाटती त्यास्नी. घरात दोन माणसं, आन् दोघंबी मुकी."

मी दुकान लवकर बंद केलं. त्याच संध्याकाळी आम्ही तीन वर्गमित्र बसलो: मी, टेम्पोवाला बाळ्या आणि अंगणवाडीची मंदा. पाली गावाकडच्या एका फार्महाऊसवर मी होम थिएटरचं वायरिंग केलं होतं. त्याच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणाऱ्या मशीनमध्ये, बाकीचा गोंगाट कमी करून फक्त बोलणं मोठं करायची सोय होती. गुरुजींना तसला घ्यायचा, असं ठरलं.

* * *

पुण्याला दुकानात गेलो. सेल्समन टाय लावलेला. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "फाइव्ह पॉइंट वन दाखवू की सेव्हन पॉइंट टू?"

आता वायरमनला पॉइंट म्हणजे एकच माहीत. मी म्हणालो, "साहेब, गुरुजींच्या खोलीत तीनच पॉइंट हायत. एक ट्यूबचा, एक पंख्याचा, एक टीव्हीचा. सात कुठनं काढू?"

तो बिचारा गांगरला. पाच स्पीकर आणि पॉइंट वन म्हणजे दणक्याच्या आवाजाचा वेगळा डबा, असं त्याने समजावून सांगितलं. तेवढ्यात बाळ्या मध्ये पडला, "मग पॉइंट एक कशाला? पुरता एक द्या की! गुरुजींना अर्धवट वस्तू न्यायची न्हाई."

शेवटी सेल्समनने मोठ्या पडद्यावर मारामारी लावली. बॉम्ब फुटले, काचा थरथरल्या. तो मोठ्या कौतुकाने आमच्याकडे बघायला लागला. मंदा शांतपणे म्हणाली, "दादा, बॉम्ब गुरुजींना आत्ता बी ऐकू येतो. तुमी बातम्या लावा."

एकेका रिसीव्हरवर बातम्या ऐकून आम्ही सगळ्यात साधा, पण बोलणं स्वच्छ देणारा निवडला. बातम्यांवर होम थिएटर घेणारं गिऱ्हाईक त्या माणसाने पहिल्यांदाच बघितलं असणार!

* * *

निघताना बाळ्याने माईंना फोन केला, "माई, गुरुजींसाठी रिसीव्हर आणतोय, जागा करून ठेवा."

आम्ही पोचलो तर माईंनी कोपऱ्यातलं फोनचं जुनं स्टूल पुसून ठेवलेलं. कधीचा बंद पडलेला लँडलाइन त्यावर मांडलेला, फक्त त्याचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. टेम्पोतून एवढा मोठा खोका उतरलेला बघून त्या दारातच थबकल्या.

"अगं बाई! एवढा मोठा? ह्यो कानाला कसा लावायचा?"

* * *

बाळ्याच्या पिशवीत नारळ होता. नवीन मशीन म्हटल्यावर त्याचा हात आपोआप नारळाकडे जातो, टेम्पोचे टायर बदलले तरी फोडतो. गुरुजींच्या घरात शेल्फवर बुद्धमूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. बाळ्या नारळ हातात धरून नुसताच उभा राहिला. फोडावा की न फोडावा?

गुरुजींना ऐकू येत नसलं तरी दिसलं सगळं. ते हसले आणि म्हणाले, "बाळासाहेब, नारळ माईंकडे दे. चटणीची पूजा करू."

डोसे फार छान झाले होते, हे सांगायलाच हवं.

* * *

आता माझा पराक्रम. पाच स्पीकरपैकी एकावर 'सेंटर' लिहिलं होतं. सेंटर म्हणजे मध्यभागी, यात विचारायचं काय? गुरुजींच्या छताला जुन्या पाळण्याची कडी होती, बरोबर खोलीच्या मध्यावर. मी तो स्पीकर तिथे मस्त टांगला. वायरसुद्धा दिसणार नाही अशी नेली.

टीव्ही लावला. बाई पडद्यावर बोलतेय आणि आवाज डोक्यावरून येतोय. गुरुजी एकदा टीव्हीकडे बघायचे, एकदा छताकडे. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "कसं वाटतंय, गुरुजी?"

"आकाशवाणी झाल्यासारखं!"

मंदा हसून हसून खाली बसली. मग तिनेच माहितीपुस्तकातलं चित्र मला दाखवलं. बोलणं सेंटरमधून येतं, म्हणून तो टीव्हीच्या खाली ठेवायचा असतो. मी मुकाट्याने शिडी लावली.

पण खाली आणूनही काम झालं नाही. गुरुजी बराच वेळ ऐकत बसले आणि मान हलवून म्हणाले, "आवाज येतोय रे. शब्द येत नाहीत." माई आत निघून गेल्या. आम्हा तिघांना एकमेकांकडे बघवेना.

* * *

दोन दिवसांनी माईंचा फोन आला, "सुनील, मशीन सारखं बंद पडतंय."

टेस्टर घेऊन धावलो. बघतो तर रिसीव्हरवर माईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल, खाली दुहेरी टॉवेल! गरम हवा जायच्या जाळ्या पार झाकून गेलेल्या. मशीन तापून आपलं आपणच झोपी जात होतं.

मी म्हणालो, "माई, याच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही. लगेच बंद पडतं."

माई म्हणाल्या, "ह्यांच्यावानीच हाय म्हणायचं. ह्यास्नी बी टोपी घातली की झोप लागती!"

* * *

शब्द का येत नाहीत, हे मी फार्महाऊसच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, खोक्यातला माइक बाहेर काढलाच नसेल. तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा, मशीन स्वतः टुंई टुंई आवाज काढून खोली मोजतं, आणि त्या वेळात कुणी हूं की चूं करायचं नाही.

रविवारी आम्ही तिघं परत जमलो. गुरुजींच्या खुर्चीवर उशा रचून माइक ठेवला. पहिल्या खेपेला शेजारची म्हैस हंबरली. पडद्यावर सूचना आली, आवाज जास्त आहे. दुसऱ्या खेपेला बाळ्या कुजबुजला, "आता म्हैस गप हाय." पुन्हा सूचना. तिसऱ्या खेपेला मंदा बाळ्याला "गप की" म्हणाली, मी मंदाला "तू गप" म्हणालो, आणि आतून माईंनी विचारलं, "च्या कोण कोण घेणार?"

गुरुजी दारात उभे होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण आमची तोंडं हलताना दिसत होती. ते दोन पावलं पुढे आले.

"हाताची घडी, तोंडावर बोट!"

काय सांगू! पन्नाशीला टेकलेली आम्ही तीन माणसं जागच्या जागी गप्प. स्वयंपाकघराच्या दारात माईंचंही बोट तोंडावर. म्हैससुद्धा हंबरली नाही. मशीनने एकेक स्पीकर मोजला, पडद्यावर काम झाल्याचं आलं, तरी आमची बोटं तशीच. गुरुजी "खाली" म्हणाले तेव्हाच ती खाली आली.

* * *

मग मी सेंटरचा आवाज वाढवला, बाकीचे उतरवले आणि बातम्या लावणार तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला. कपाटातून एक कॅसेट आणि जुना टेपरेकॉर्डर काढला. शाळेला टेप मिळाला त्या वर्षी त्यांनी आमच्या चौथीच्या वर्गाची एक सकाळ रेकॉर्ड केली होती. म्हणाले, "बातम्या कुणाच्याही असतात. यातलं कळलं, तर मला ऐकू येतं म्हणायचं."

टेपची वायर मी रिसीव्हरला जोडली. हे चुकलं तर पुढे करण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

आधी खरखर, मग प्रार्थना, मग हजेरी. टेपमधले तरुण गुरुजी एकेक नाव घेत होते आणि "हजर, गुरुजी" येत होतं. खुर्चीतले गुरुजी डोळे मिटून पुढे झुकले होते. माई पदर मुठीत धरून त्यांच्याकडेच बघत होत्या.

मध्येच गुरुजींनी हात वर केला. "मागे घे."

मी टेप मागे घेतला. पुन्हा तीच नावं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "परत एकदा." मंदाने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. माईंनी डोळे टिपले. मी दुसऱ्यांदा टेप मागे घेतला आणि मनातल्या मनात हात टेकले.

टेप पुढे सरकला. मंदा, हजर. सुनील, हजर. बाळासाहेब, हजर, जरा घोगऱ्या आवाजात.

गुरुजींनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग बाळ्याकडे, आणि लहान मुलासारखे ओरडले:

"माई! अगं ऐकू येतंय मला! दोन्ही वेळा सुनीलच 'हजर' म्हणालाय! हा बाळासाहेब त्या दिवशी शाळेत नव्हताच!"