सात घरांची डिक्शनरी

जानेवारीचा पहिला रविवार. रक्कम चौऱ्याऐंशी रुपये, घरटी बारा. हजर: रांझीतल्या आमच्या ओळीतल्या सात घरांचा एकेक माणूस, आणि माझी बायको, जी चहा द्यायला आली आणि शेवटपर्यंत बसली. त्या पैशांतून सदर बाजारातल्या दुकानातून एक जाड इंग्रजी डिक्शनरी आणायचं ठरलं, प्रत्येक शब्दाचं मूळ सांगणारी. भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावल्या. एकेका घरी एक आठवडा. नियम मी लिहिले. दुसऱ्याच्या पाळीत पुस्तक नेलं तर पाळीवाल्याला दिवसाला एक रुपया. खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

फॅक्टरीतल्या खात्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो, दोन्ही वेळा शब्दार्थांत. संधी तीनच असत. या वेळी राहिलो तर स्टोअरचा कारकून म्हणूनच निवृत्त व्हावं लागणार होतं. वडील विदर्भातून इथे कामाला आले, मग राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर मराठी राज्यात गेलं आणि आम्ही हिंदी राज्यात राहिलो. आमच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि स्टोअरच्या कागदांवर इंग्रजी.

माझी पाळी दुसऱ्या आठवड्यात आली. सगळं पुस्तक उतरवणं शक्य नव्हतं. संध्याकाळी दीड पान होत होतं, म्हणून मी एकच कुटुंब धरलं: ‘सब’ने सुरू होणारे शब्द. स्टोअरच्या रजिस्टरात तेच जास्त दिसत. सब म्हणजे खाली. सबमरीन पाण्याखालची. सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून काढणं. सबस्क्राइब म्हणजे खाली लिहिणं, म्हणजे सही; वर्गणीचा अर्थ त्यातूनच आला. आमची वर्गणीही तशीच झाली होती.

पाचव्या आठवड्यात, परीक्षेला चार दिवस उरले असताना, आधी पास झालेला एक सहकारी म्हणाला, ‘‘पेपर काढणारे साहेब ‘ट्रान्स’चे शब्द फार विचारतात.’’ माझ्या वहीत ट्रान्सचा एकही शब्द नव्हता. पुस्तक शेजारी होतं, कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बाईंकडे. त्यांच्या मुलीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती.

‘‘मागा ना,’’ बायको म्हणाली. ‘‘काहून लाजून राहिले?’’

‘‘पाळी त्यांची आहे. नियम मीच लिहिला.’’

‘‘मग नियमालाच पाठवा परीक्षेला.’’

भिंत पातळ होती. थोड्या वेळाने ती मुलगीच पुस्तक घेऊन दारात आली.

‘‘काका, तीन दिवस ठेवा. पण तुमची सबवाली वही मला द्या.’’

‘‘दिवसाला रुपया लागेल, मी देईन.’’

‘‘अच्छा! मग वहीचं भाडं किती?’’

वहीबद्दल नियमात काही नव्हतं. ते मी तिला सांगितलं. ती हसली आणि वही घेऊन गेली.

ट्रान्स म्हणजे पार, पलीकडे. मी मोठ्याने वाचत होतो. ‘‘म्हणजे नदीवरचा तिलवाऱ्याचा पूल,’’ बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली. ‘‘एवढ्यासाठी रुपया रोज?’’

पण पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. शब्दांची शेपटं ओळखीची होती. सबमिटमधला ‘मिट’, म्हणजे पाठवणं, ट्रान्समिटमध्येही होता. सबस्क्राइबमधलं लिहिणं ट्रान्सक्राइबमध्ये होतं. वही हातात नव्हती, तरी शेपटं पाठ होती. मी मोजलं: चोवीस शब्दांपैकी अकरांचा मागचा अर्धा भाग मला आधीच येत होता. उरलेले तेरा तीन दिवसांत बसणार होते. त्यांत ट्रान्सग्रेस होता, पाऊल पलीकडे टाकणं, म्हणजे नियम मोडणं. तोही उतरवून घेतला.

पुस्तक बुधवारी संध्याकाळी परत केलं. गुरुवारी पेपरात ट्रान्सचे चार शब्द आले. तीन बरोबर लिहिले, चौथा अर्धा. पास व्हायला चाळीस गुण हवे होते. मला बेचाळीस मिळाले.

मुलगी पैसे घेईना. ‘‘तुमची वही मला जास्त कामाची पडली, काका. हिसाब फिटला.’’ पण वर्गणीच्या कागदावर सही तिची नव्हती, तिच्या आईची होती. पहिल्या पगारवाढीच्या दिवशी मी पावती लिहून नेली. ‘‘तुम्ही पण ना, भाऊ,’’ बाई म्हणाल्या, आणि पावतीखाली त्यांनी मराठीत सही केली. तीन दिवसांचे तीन रुपये त्यांना दिले.