जास्त नंबरचा कॅमेरा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. एकाच कंपनीचे तीन कॅमेरे, मग किमतीत एवढा फरक का? त्याचं उत्तर मला आपल्या डिलाईल रोडच्या शेजाऱ्यांमुळे माहीत झालं, म्हणून लिहून ठेवते.

हे शेजारी संपाआधी गिरणीत सूत काढायच्या खात्यात होते. संप लांबला, गिरणी काही उघडली नाही, तेव्हा ते फोटो काढायला शिकले. बारशी, ओटभरणी, हळदी, चाळींतलं सगळं काम त्यांच्याकडे यायचं. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि लोक रोलचे फोटो नको म्हणू लागले. त्यांच्या मेहुण्याने एका नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती. "नवा कॅमेरा चालला तर ठीक, नाहीतर गेटवर उभा राहतो," असं त्यांनी मला सांगितलं. ज्या गिरणीत उमेदीची वर्षं गेली, तिच्याच जमिनीवरचा तो टॉवर.

फोर्टातल्या दुकानातून आणलेली इंग्रजी माहितीपत्रकं घेऊन ते माझ्याकडे आले. मी वाचत गेले. छोट्या, चकचकीत कॅमेऱ्याला मेगापिक्सेल जास्त होते. मधल्या, जाडजूड मॉडेलला कमी.

"भावोजी, इथे सेन्सरचा आकारही दिलाय. मधल्याचा बराच मोठा आहे."

"आकाराचं काय घेऊन बसलात, वहिनी? नंबर बघा. सुताचा नंबर जेवढा जास्त, तेवढं सूत बारीक आणि कापड उंची. आयुष्य गेलं त्यात."

त्यांनी छोटा कॅमेरा घेतला.

पहिलंच काम आमच्या मजल्यावरच्या बारशाचं. आतली खोली, एकच पिवळा दिवा. बाळाच्या आजीने आधीच बजावलं, "तान्ह्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही हां." पूर्वी अशा वेळी ते कमी उजेडात चालणारा, जास्त स्पीडचा रोल भरायचे. या वेळी त्यांनी नुसतं बटण दाबलं. कॅमेऱ्यामागच्या इवल्याशा पडद्यावर ठीक वाटलं, पण कॉम्प्युटरवर पाहिलं तर बाळाच्या गालावर रवा सांडल्यासारखे ठिपके, आणि पाळण्याभोवतीच्या बायकांना चेहरेच नाहीत.

त्यांच्या बायकोने फोटो पाहिले. एरवी ती मालवणीत घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी हळूच म्हणाली, "मिलीत सूत मोजलात, आता उजेड मोजा."

"मेहुण्याला हो म्हणून कळवतो," ते म्हणाले.

"खंय कळवतास? आधी दुकानात जावा. वैनी, तुमी पण जावा यांच्यावांगडा."

दुकानातल्या म्हाताऱ्या पारशी गृहस्थांनी आमचं ऐकून घेतलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचे आकार कागदावर काढून दाखवले. एक करंगळीच्या नखाएवढा, दुसरा पोस्टाच्या तिकिटाएवढा. नखाएवढ्या जागेत पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड थोडाच येतो. उन्हात चालून जातं, काळोख्या खोलीत नाही.

"मग कंपनी मोठाच का नाही घालत सगळ्यांत?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. नारळाच्या वड्या थापल्या आहेत आणि ताटात कुठेतरी करवंटीचे दोन-चार तुकडे राहिलेत. लहान वड्या पाडल्या तर तेवढ्याच दोन-चार वाया जातात. मोठ्या पाडल्या तर मुळातच थोड्या निघतात, त्यात निम्म्या फुकट. सेन्सर असेच सिलिकॉनच्या एका चकतीतून कापतात आणि तिच्यातही कुठेकुठे दोष असतात, म्हणून मोठा महाग. सगळ्यात मोठा ते वरच्या मॉडेलला ठेवतात. मधल्याला बऱ्याचदा वरच्याचा जुना सेन्सर देतात. खिशातल्या कॅमेऱ्याला लहानच, कारण त्याला भिंगही छोटं लागतं. आणि गिऱ्हाईक नंबर बघून घेतं, म्हणून नंबर मोठा.

शेजाऱ्यांनी कागदावरच्या लहान चौकोनावर करंगळी ठेवून पाहिली. मग म्हणाले, "आमच्यासारख्यांसाठीच बनवलाय म्हणायचा."

"अरे बावा, सगळेच फसते," पारशी गृहस्थ हसून म्हणाले. त्यांनी छोटा कॅमेरा परत घेतला आणि मधलं मॉडेल दिलं. वर शेजाऱ्यांचा जुना रोलचा कॅमेराही द्यावा लागला. पट्टा काढून घेऊ का, एवढंच शेजाऱ्यांनी विचारलं.

बारशाचे फोटो मात्र वाया गेले होते. शेजारी बाळाच्या आजीची माफी मागायला गेले, तर ती म्हणाली, "त्यात काय! सव्वा महिना होऊ दे, परत घालू पाळण्यात. नाव तेवढं दुसऱ्यांदा ठेवणार नाही."

आणि खरंच, बायका त्याच साड्या नेसून पुन्हा जमल्या. घुगऱ्या पुन्हा झाल्या, पाळणाही म्हटला. दिवा तोच होता, फ्लॅश नव्हता. शेजाऱ्यांनी पहिला फोटो काढून कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर दाखवला, तशा सगळ्याजणी पाळणा सोडून त्यांच्याभोवती गोळा झाल्या.

"अगो बाय, माझी नथ दिसता!"

"आणि माझं थकलेलं तोंड पण," बाळाची आई म्हणाली.

निघताना समोरच्या खोलीतल्या बाईने लेकीच्या ओटभरणीचा दिवस सांगितला. शेजारी खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या फोनवरून मेहुण्याला कळवून आले की गेटवर दुसरा कोणी बघ.