घरच्या वकिलाची फी

वकिलाला फी विचारणं आमच्याकडं अपमानाचं समजतात, म्हणजे वकील पाहुण्यातला असेल तर. आणि पलूस-इस्लामपूरच्या पट्ट्यात, ज्याच्या पाहुण्यात एकही वकील नाही असं घर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या मागं एक मृत्युपत्र निघालं. बाबा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, त्यामुळं मजकूर हुकमासारखा होता. उसाची जमीन मुलाला आणि मुलीला निम्मी निम्मी, पलूसजवळच्या गावातलं राहतं घर बहिणीला. बहीण म्हणजे आमची आत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती माहेरी परत आली ती कायमची. आमची आई लवकर गेली, तेव्हा मला आणि भावाला तिनंच वाढवलं. मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी बाबांनी माझ्यावर टाकली होती. भावाची हरकत नव्हती, माझीही नव्हती. मला वाटलं, आठवडाभराचं काम.

ग्रामपंचायतीत म्हणाले, मृत्युपत्राची नोंदणी झालेली नाही, कोर्टातून प्रोबेट आणा. म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाच्या शिक्क्यानिशी लिहून आणा. आत्याला हे समजावलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "मी हाय तवर हुईल का?"

तिची ऐंशी उलटली होती. घरावर आपलं नाव लागलेलं तिला जिवंतपणी बघायचं होतं. "रेशन कार्डावर बी मी शेवटची हाय बघ," ती म्हणाली. "एका तरी जागी पयली लागू दे."

मी सांगलीत राहते. तिथल्या एका वकीलबाईंना भेटले. त्यांनी फी सांगितली, कुठले कागद लागतील ते सांगितलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मला बाई फार आवडल्या. गावी घरी येऊन सांगितलं तर भावाचा चेहरा असा झाला, की जणू मी घरातली तांब्याची भांडी मोडीत घालून आले.

"आगं, घरचा वकील आसताना परक्याच्या घशात पैसं घालतीस व्हय?"

घरचा म्हणजे माझ्या भावजयीचा मामेभाऊ. राहायला इस्लामपूरला, वकिली सांगलीच्या कोर्टात. माणूस गोड. मी फोनवर फीचा विषय काढला तर म्हणाला, "ताई, परत ह्यो शब्द काढलासा तर मी रागावणार बघा. घरचंच काम हाय."

झालं, तिथून आमची फी सुरू झाली.

पाहुणा कागद बघायला घरी यायचा, आणि कागद बघायचे म्हणजे मटण लागायचं. सोमवारी आणि गुरुवारी तो खात नसे, म्हणून त्या वारी कागदही बघत नसे. पहिल्या खेपेला टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन त्याचा मान केला. दुसऱ्या खेपेला काकवीची कळशी गाडीत ठेवली. तिसऱ्या खेपेला गाडीच त्याची बंद पडलेली, म्हणून आमची गाडी त्याला आणायला गेली आणि पुढं आणायला जायचा रिवाजच पडला. मध्येच त्याच्या मुलीचं लग्न निघालं. "आपलं काम फुकट करतोय बिचारा," असं म्हणून भावजयीनं आहेराला पैठणी काढली. माझ्या स्वतःच्या लग्नात कुणी मला पैठणी नेसवली नव्हती, हे मी तिला बोलून दाखवलं. दोन दिवस आमचा अबोला होता.

सगळ्यात जड गेली ती ऊसतोड. आमच्या शेतात तोडकऱ्यांची टोळी उतरणार, त्याच्या आदल्या दिवशी पाहुण्याचा फोन. सासऱ्यांचा ऊस राहिलाय, तेवढी टोळी आधी तिकडं वळवता आली तर. भाऊ नाही म्हणू शकला नाही. टोळी गेली सासऱ्यांकडं, तिथून गेली भलतीकडंच, आणि आमच्या उसाला तुरा आला. तुरा आला की वजन घटतं. भाऊ बांधावर उभा राहून त्या तुऱ्यांकडं बघत होता. मी मुद्दाम विचारलं, "परक्याच्या घशात किती गेले असते रे?"

अर्ज एकदाचा दाखल झाला. कोणाची हरकत असल्यास कळवावी अशी नोटीस वर्तमानपत्रात आली आणि नवीनच तमाशा उभा राहिला. आमच्या भागात कोर्टात गेले म्हणजे भावाबहिणीचं फाटलं, एवढाच अर्थ लोकांना ठाऊक. समेट घडवायला माणसं यायला लागली. गावचे माजी सरपंच आले, भजनी मंडळ आलं, फलटणहून चुलतमामा मुक्कामालाच आले. आमचं भांडण नाही असं सांगितलं की ते एकमेकांकडं बघून मान हलवायचे. "बहिणीनं जरा सबुरीनं घ्यावं," असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी, आमचेच पोहे खात खात सांगितलं.

आणि कोर्टात काय, तर तारीख. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून बाबांच्या पलटणीतल्या एका मित्राची सही होती. ते दर तारखेला कोटावर पदकं लावून कोर्टात हजर व्हायचे. पाहुणा मात्र कधी वास्तुशांतीला गेलेला, कधी जावळाला. साक्ष काही होत नव्हती. पैसे देऊन वकील केला असता तर मी त्याच्या ऑफिसात जाऊन टेबल ठोकलं असतं. फुकटच्या वकिलाला कुठल्या तोंडानं विचारायचं? त्या हिवाळ्यात आत्याला छातीत कफ होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. ती घरी आली, पण मला धास्ती बसली.

बरी झाल्यावर आत्या काठी टेकत बाजारला गेली आणि आपल्या दोन शेळ्या विकून आली. का विकल्या ते कुणाला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला पाहुणा जेवायला बसला. आत्यानं त्याच्या ताटात आमटी वाढली. साधी डाळीची.

"आवं पाव्हणं, तुमची फी किती?"

"आत्या, काय बोलताय! घरचंच काम हाय."

"म्हनून तर हुईना झालंय," आत्या म्हणाली. "घरच्या कामाला ना दाम आसतो, ना तारीख. मला इचारा की. आक्का जल्म ह्या घरात मी घरचंच काम केलं. बाई, तुजं किती झालं, आसं कुनी कवा इचारलं न्हाई."

भाऊ ताटातल्या भाताकडं बघत राहिला. पाणी आणायचं निमित्त करून मी उठले.

"तुमी आता परकं व्हा," आत्यानं पदराची गाठ सोडून पैसे त्याच्या ताटाशेजारी ठेवले. "हे घ्या. म्हंजी मला तुमच्यावर वरडता तरी ईल."

पाहुणा खूप लाजला, पण पैसे त्यानं घेतले. त्यानंतरची तारीख त्यानं चुकवली नाही. पदकांसकट साक्ष झाली. एकदा त्यानं तारखेच्या आदल्या दिवशी जरा कुरकुर केली, तर आत्यानं फोनवर त्याला असं झाडलं की आम्ही सगळे अंगणात जाऊन उभे राहिलो. त्या दिवशी ती फार खुशीत होती.

प्रोबेट मिळालं, घराला तिचं नाव लागलं, आणि मी आणि भाऊ पेढे घेऊन घरी गेलो. आत्या पुढच्या खोलीत बाबांच्या खुर्चीवर बसली होती. त्या खुर्चीवर बसलेली मी तिला प्रथमच बघत होते. भाऊ चप्पल काढून आत आला, घाम पुसला आणि जन्माच्या सवयीनं म्हणाला, "आत्या, च्या टाक की जरा."

आत्या जागची हलली नाही.

"साकरंचा डबा वरच्या फळीवर हाय," ती म्हणाली. "माज्यात कमी टाक."