अठ्ठ्याऐंशी नंबरची काच

संग्रहालयात सगळे त्यांना कार्डबाई म्हणत. तोंडावर नाही हं, माघारी. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून त्या खूशही होत्या. तीस वर्षं वस्तूंच्या नोंदी करून मान आखडली, चष्मा जाड झाला, आणि नाव पडलं ते निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना केलेल्या एका उद्योगावरून.

जुना संग्रह संगणकावर चढवायचं ठरलं होतं, लोकांनी घरबसल्या पाहावा म्हणून. सगळे म्हणाले, स्कॅन करा आणि टाका. बाई भडकल्या. "कोणासाठी टाकायचं ते आधी सांगा! की नुसतं खिडकीतून ओतायचं?" मग त्यांनी पाहणाऱ्यांची कार्डं केली. एकेका कार्डावर मनानेच घडवलेला एक माणूस. अभ्यासक, त्याला तारीख आणि मोजमाप हवं. शाळेतली बाई, तिच्या हातात पस्तीस मिनिटांचा तास. सहज डोकावणारा, तिसऱ्या चित्राला जांभई देणारा. बैठकीत प्रत्येकासाठी एक रिकामी खुर्ची मांडायची, तिच्यावर त्याचं कार्ड ठेवायचं आणि कोणीतरी त्याच्या वतीने बोलायचं. आधी लोक फिदीफिदी हसले. महिन्याभराने त्या खुर्च्यांना वळसा घालून जायला लागले. त्यांच्यावर पिशवी ठेवायचीसुद्धा कोणाची छाती होईना.

अशा एका बैठकीत अनाथाश्रमाची पेटी निघाली. पाऊणशे वर्षांपूर्वी दोनशे बारा मुलांचे काचेवर काढलेले फोटो. मागे पांढरा पडदा, गळ्यात आकड्याची पाटी, नाव कुठेच नाही. अठ्ठ्याऐंशीची काच तेवढी फुटली होती, म्हणजे फोटो उरले दोनशे अकरा. एकाही खुर्चीला ते हवे नव्हते. नोंदी नाहीत म्हणून अभ्यासकाला नकोत, मुलं घाबरतील म्हणून शाळेला नकोत.

"याला प्रेक्षक नाही, बाई," संचालक म्हणाले. "तीन आठवडे चाचणीला ठेवू. शंभर जणांनी उघडलं तर ठीक, नाहीतर पेटी गावाबाहेरच्या गोदामात."

त्या गोदामातली ओल बाईंनी पाहिली होती. काचेवरचा चेहरा तिथे चार पावसाळे टिकत नाही. आणि बाईंची आई त्याच आश्रमात वाढली होती. सहा वर्षांपूर्वी ती गेली. लहानपणाचा विषय निघाला की उठून जायची. एकदाच म्हणाली होती, "आम्हाला आकडे होते गं. नावं मागाहून मिळाली." कोणता आकडा, ते मात्र सांगितलं नाही. तिचा लहानपणीचा एकही फोटो घरात नव्हता. आईची डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. बाईंनी दोनशे अकरा चेहरे भिंगाखाली घातले. तशी पापणी एकीचीही नव्हती.

हट्टाने त्यांनी चौथं कार्ड लिहिलं. 'वय ऐंशी. टाइप करता येत नाही, फक्त आकडे दाबते. सगळ्यात मोठं अक्षर लागतं. कामं आवरली की दुपारी तीनला येते. स्वतःला शोधते.' लिहून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं, इतकं भराभर सुचलं कसं?

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी यंत्राच्या नोंदीत एक पाहणारा दिसला. आपल्याच वाचनकक्षातला दोन नंबरचा संगणक, वेळ दुपारी तीन, अक्षर सगळ्यात मोठं. फक्त सत्त्याऐंशी नंबरचा फोटो, चाळीस मिनिटं. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्याही.

"काका, दोन नंबरवर तीनला कोण बसतं हो?" बाईंनी वाचनकक्षाच्या शिपायाला विचारलं.

"कोणी नाही. त्या कार्डांनी डोकं फिरवलंय तुमचं," शिपाईकाका हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खुर्ची मात्र गरम लागते. मला वाटलं ऊन येत असेल. पण तिथं खिडकीच नाही."

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, तीनला बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. खुर्ची रिकामी होती. पडदा उजळला. अक्षरं एकेक पायरीने मोठी होत गेली. कोणीतरी चष्मा पुसून पुन्हा बघावं, तशी मध्ये थांबत. फोटोखाली माहिती लिहायचा चौकोन असतो, त्यात आकडे उमटले: ८८.

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. धीर करून त्या पुढे झाल्या आणि सत्त्याऐंशीचा फोटो ताणून मोठा केला. मुलीकडे नाही, तिच्या मागच्या पांढऱ्या पडद्याच्या कडेकडे बघितलं. तिथे पुढच्या नंबरची पोर पाळीची वाट बघत उभी होती. अर्धाच चेहरा. पाटीवर अठ्ठ्याऐंशी. डावी पापणी अर्धी मिटलेली.

"आई गं," बाईंच्या तोंडून निघालं, आणि त्या तिथेच ढसाढसा रडल्या.

गुरुवारी संचालकांनी आकडा पाहिला. "एकच माणूस, तोही आपल्याच इमारतीतला. तुम्हीच उघडता ना? उद्या चारला पेटी हलवू." बाई काय सांगणार, कपाळ? त्यांनी चौथं कार्ड नेऊन दोन नंबरच्या खुर्चीवर ठेवलं आणि पुटपुटल्या, "आई, एकटीने भागत नाही गं. बाकीच्यांनाही घेऊन ये."

शुक्रवारी तीनला त्या संचालकांच्या खोलीत बसल्या होत्या. पडद्यावरचा आकडा हलला. चाळीस. नव्वद. एकशे साठ. सगळे वाचनकक्षातून, सगळ्यांना सगळ्यात मोठं अक्षर. दोनशे बारावर तो थांबला. प्रत्येक फोटो एकेकाने उघडला होता. सत्त्याऐंशी तेवढा दोघांनी.

"काहीतरी बिघाड आहे," संचालक म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असेलही. पण तुम्ही शंभर म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. संचालकांनी पेटी गोदामात हलवायचा कागद फाडला.

दारात शिपाईकाका येऊन उभे राहिले.

"बाई, सगळ्याच खुर्च्या गरम लागतायत. काय करू?"

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बैठकीच्या खोलीतल्या आणा, काका. कमी पडल्या तर माझी न्या. आता कोणाला उभं ठेवू नका."