कोबाल्टची खोली आणि अक्का

किरणं मोजायच्या मीटरवर शून्य दिसलं की अक्कांच्या कपाळाला आठी पडायची. दुसरा कोणी निश्चिंत झाला असता. अक्का आधी मीटरवरच संशय घ्यायच्या. पर्समधून एक चपटी डबी काढायच्या. तिच्यात वरातीत डोक्यावर मिरवायच्या त्या गॅसबत्तीची जुनी जाळी असे. त्या जुन्या जाळ्यांत किंचित किरणोत्सर्ग असतो. डबी जवळ नेल्यावर काटा हलला, तरच मीटर जिवंत. "मेलेलं माणूसबी गप्पच असतं," असं म्हणत मग त्या कामाला लागायच्या.

धुळ्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात कर्करोगाच्या रुग्णांना किरणं द्यायचं जुनं कोबाल्ट मशीन होतं. अक्का तिथल्या किरण-सुरक्षा अधिकारी आणि मी त्यांच्या हाताखालचा तंत्रज्ञ. त्या मूळच्या बोदवडच्या. आडनावाने त्यांना कोणी हाक मारत नसे, ट्रस्टचे अध्यक्षसुद्धा अक्काच म्हणत. चहावाल्याने दूध ताजं आहे म्हटलं की अक्का पातेल्यावर वाकून वास घेणार. त्यांचे यजमान नाना सांगायचे की लग्न ठरण्याआधी हिने माझ्या कॉलेजात जाऊन माझा निकाल खरा आहे का ते पाहिलं होतं. अक्का शेजारीच बसलेल्या असत आणि जराही ओशाळत नसत.

माझ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. मी मोजत असलो की त्या माझ्या खांद्यामागे उभ्या राहत, इतक्या जवळ की त्यांचा श्वास कानाला लागे. एकदा मी 'सगळं ठीक' असं लिहून त्यांच्यासमोर ठेवलं, तर त्या उठल्या आणि भिंतीवरच्या पाइपामागून ती गॅसबत्तीची डबी काढून माझ्या हातात दिली. मला सापडते का ते पाहायला त्यांनीच ती सकाळी लपवली होती. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता. पण पुढे मी पाइपामागेच काय, देव्हाऱ्यामागेही मीटर धरू लागलो.

मग मशीन म्हातारं झालं आणि ते कायमचं काढायचं ठरलं. कंपनीच्या माणसांनी त्यातला किरणं देणारा सोर्स शिशाच्या जाडजूड डब्यात बंद करून ट्रकवर चढवला. कागदपत्रं चोख होती. तरी अक्कांनी फाटक उघडू दिलं नाही. भर उन्हात त्या मीटर घेऊन ट्रकभोवती फिरल्या, खाली वाकून चाकांपर्यंत पोचल्या. ड्रायव्हर वैतागून म्हणाला की तुम्ही आमच्यावर संशय घेता. अक्का म्हणाल्या, "तुमच्यावर नाही भाऊ, डब्यावर."

उरली ती खोली. दोन-दोन हात जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, धुळ्याच्या उन्हाळ्यातही गारवा. यावल, शिरपूर, साक्रीकडून रुग्णांबरोबर आलेली माणसं आठवडेच्या आठवडे आमच्या जिन्याखाली झोपायची. त्यांच्यासाठी या खोलीत विश्रामगृह करायचं ट्रस्टने ठरवलं. खोली निर्धोक आहे अशी अक्कांची सही झाली, मुंबईच्या निरीक्षकांनी येऊन पाहिलं, की झालं. सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचं काम. अक्कांचा संशय मात्र इथूनच वाढला. त्या मला म्हणाल्या, "रुग्ण इथं दोन मिनिटं असायचा. ही माणसं रात्र रात्र झोपतील, लेकरं जमिनीवर लोळतील. काही राहून गेलं तर ते त्यांच्या उशाला राहील."

झाडूवाले दगडूभाऊ खोली सगळी साफ झाल्याचं मोठ्या अभिमानाने सांगायला आले, "बठ्ठं साफ शे अक्का, मीच झाडेल शे." अक्कांनी विचारलं की केर कुठे टाकला, आणि मीटर घेऊन उकिरड्याकडे निघाल्या. दगडूभाऊ बिचारे दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ट्रस्टने अक्कांना न विचारता रंगारी घातले. गुलाबी भिंती पाहून अक्कांचा चेहरा उतरला. मशीनच्या जागेमागची भिंत त्यांनी पुन्हा खरवडायला लावली. मोजलेली जागा कोणी बुजवली तर तिथे काय बुजवलं ते कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्ष स्वतः खाली आले. उद्घाटनाला पाहुणे ठरले होते. ते म्हणाले, "अक्का, तुमचा देवावर तरी विश्वास आहे का हो?"

"आमच्याकडं तो प्रश्नच नाही, साहेब," अक्का म्हणाल्या. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, हे अध्यक्षांना आठवलं असावं. ते हसले आणि गेले.

अखेर निरीक्षक उद्या येणार म्हणून पक्कं झालं. शेवटची मोजणी बाकी होती. त्या दिवशी अक्का कधी नव्हे त्या उशिरा आल्या. खांद्याला प्रवासाची पिशवी होती. कॉरिडॉरच्या पार टोकाच्या बाकावर बसल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "आज तू एकटाच कर. मी इथं बसते."

मला काय वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी बाईंचा माझ्यावर विश्वास बसला होता. मी छाती फुगवून आत गेलो. भिंती, फरशी, कोपरे, छत, सगळं मोजलं. कापसाचे बोळे फिरवून तेही तपासले. बाहेरच्या अंगणात काटा जेवढा हलतो तेवढाच आतही हलत होता. खोली स्वच्छ होती.

बाहेर यायला वळलो आणि मनात पाल चुकचुकली. अक्का अशा स्वस्थ बसतील? नक्कीच कुठेतरी डबी लपवली असणार. मी मीटर चालू ठेवूनच कॉरिडॉरमध्ये आलो. बाकाच्या दिशेने चालू लागलो तसा काटा उठू लागला. मला हसूच आलं.

"पिशवीत ठेवलीय ना, अक्का?"

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. म्हणाल्या, "बघ." मी मीटर पिशवीकडे नेला, काटा उतरला. अक्कांकडे वळवला, चढला.

"मीच हाये ती," त्या म्हणाल्या. "काल नाशिकले हाडांचा स्कॅन झाला. इंजेक्शनचं औषध अजून अंगात हाये. आत आली असती तर खोलीचे आकडे बिघडले असते."

हाडांचा स्कॅन कोणाला सांगतात, ते आमच्या विभागात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. कर्करोग एका जागी असतो आणि तो हाडांत पोचला का ते पाहायचं असतं. त्यांनीच सांगितलं की छातीतलं आता पाठीत उतरलंय, आणि नानांना अजून काही बोलले नाहीये, तूही बोलू नको. मग त्यांचा नेहमीचा आवाज आला, "आता आत जाय आणि बठ्ठं पुन्हा मोज. तुझे हात थरथरू राह्यले, पहिले आकडे धरू नको."

पहिले आकडे हात थरथरायच्या आधीचे होते. तरी मी आत गेलो. जाड भिंतींमुळे बाहेर काही ऐकू जात नव्हतं ते बरं झालं. रडत रडत मी ती सगळी खोली दुसऱ्यांदा मोजली. आकडे तेच आले. दुसऱ्या दिवशी अक्कांनी सही केली आणि निरीक्षकांनी होकार दिला.

हिवाळ्यात अक्का आमच्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर भरती झाल्या. तोवर दोघं गावी बोदवडला राहायला गेले होते, तिथून नाना वळकटी घेऊन आले. मी त्यांना खाली विश्रामगृहात नेलं. दुपारची वेळ होती, पाच-सहा कुटुंबं पसरली होती, एक लेकरू फरशीवर रांगत होतं. नाना दारातच थांबले. "इथंच ते मशीन होतं ना? निजायला काही धोका नाही ना?" मी म्हणालो की अक्कांची सही आहे. नानांनी वळकटी सोडली, भिंतीला लागून अंथरूण घातलं आणि आडवे झाले. थकलेला माणूस, लगेच डोळा लागला.

मी वर जाऊन अक्कांना सांगितलं. आमचं नीट बोलणं असं ते शेवटचंच. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण कपाळाला आठी पडली.

"उशाला कोणती भिंत घेतली?"

मी सांगितलं, दाराच्या उजव्या हाताची. त्या मनात ती भिंत वरपासून खालपर्यंत पुन्हा मोजत असाव्यात.

"ती बरी हाये," अक्का म्हणाल्या. "झोपू दे त्यायले."